पंच, डबे आणि स्केटपार्कची जागा

पंच हे त्यांचं नाव नव्हे. नाव कारखान्याच्या हजेरीपटावर होतं, आणि तो पट कारखान्याबरोबरच गेला.

छत्तीस वर्षं त्यांनी बॉयलर बांधले, आणि त्यातली बरीचशी बॉयलरच्या आत बसून काढली. बाहेरून एकजण पत्रे जोडणाऱ्या तापलेल्या रिव्हेटवर घण घालायचा. आतून पंचांनी तिच्या बुडाला लोखंडी ठोकळा दाबून धरायचा. ठोकळा केसभर हलला तर रिव्हेट सैल बसते, आणि सैल रिव्हेट म्हणजे उद्या वाफ गळणार. पंचांचा ठोकळा हलत नसे. पण त्या लोखंडी पोटात घणाचा आवाज असा घुमे, की बाहेर आल्यावर माणसं नुसतीच तोंडं हलवताना दिसत. सुरुवातीला ती तासाभराने बोलायला लागत. पुढे संध्याकाळ होई. निवृत्तीच्या सुमाराला ती बोलायचीच बंद झाली.

म्हणजे सरळ सांगायचं तर पंचांना ऐकू येत नव्हतं. डावा कान साफ गेलेला. उजव्याला कुणी तोंड लावून ओरडलं, तर लांब कुठेतरी पंप चालू असल्यासारखं वाटे. ही गोष्ट त्यांच्याशिवाय एकाच माणसाला ठाऊक होती, ती म्हणजे त्यांची बायको. तिचे ओठ त्यांना पाठ होते, त्यामुळे समोरासमोर काही अडत नसे. तिने बाहेर कधी ब्र काढला नाही, कारण त्यात तिचीही सोय होती. स्वयंपाकघरात पाठ वळवून ती त्यांना दिवसभर मनसोक्त बोलून घेई. गॅलरीच्या दाराची कडी दोन वर्षं लोंबत होती, त्यावर तर रोज एक भाषण होई. उलट उत्तराची भीती नाही. एवढं सुख तिच्या एकाही बहिणीच्या वाट्याला आलं नव्हतं.

पंच झाले ते असे. निवृत्त झाल्यावर त्यांनी इमारतीच्या जिन्याखाली एक खुर्ची टाकली. घरात बसून राहणं त्यांना जमेना. हात रिकामे असले की त्यांना आजारी असल्यासारखं वाटे. एके दिवशी तळमजल्यावरचा शिंपी आणि त्याचा भाऊ भांडत भांडत त्यांच्यासमोर येऊन उभे राहिले. दोघे दोन्ही बाजूंनी तासभर बोलले. पंच एकदा याच्याकडे बघत, एकदा त्याच्याकडे. दोघे दमले, तेव्हा पंच म्हणाले, “बघू.” दोघे खाली मान घालून निघून गेले, आणि दुसऱ्या दिवशी शिंपी येऊन पाया पडायचाच बाकी राहिला. म्हणाला, इतकं शांतपणे आजवर कुणी ऐकून घेतलं नव्हतं.

तेव्हापासून रांग लागली. सासवा आल्या, सुना आल्या, वरच्या मजल्याचं पाणी खालच्या मजल्यावर गळतं म्हणून भांडणारे आले. पंच सगळ्यांना “बघू” म्हणत. यात फसवेगिरी होती का? होती. पण कामचुकारपणा नव्हता. बोलणाऱ्याचा जबडा कुठे आवळतो, हात कधी थांबतात, कुठल्या वाक्याला तो पाय मागे घेतो, हे सगळं पंच डोळ्यांत तेल घालून बघत. ऐकणं सोडून बाकी सगळी मेहनत ते घेत. अकरा वर्षांत खुर्चीवर एकदाही डुलकी काढली नाही. कान शाबूत असलेल्या किती जणांना असं सांगता येईल?

आता स्केटपार्क.

त्या भागात पार्सलं पोचवायला एक मुलगी होती, विशीतली. पाठीवर पिशवी, पायाखाली स्केटबोर्ड. सगळे तिला कुरिअरवाली म्हणत. बायकोनंतर पंचांचं गुपित कळलेली ती दुसरी. एकदा ती मागून भरधाव आली. चाकांचा खडखडाट, वर “बाजूला, बाजूला” असा आरडाओरडा, पण पंच रस्त्याच्या मधोमध ढिम्म. त्यांना वाचवताना ती वाळूच्या ढिगात जाऊन पडली. वाळू झटकत समोर आली, तेव्हा कुठे पंच दचकले. तिने त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं आणि जे समजायचं ते समजली. कुणाला बोलली नाही. त्या दिवसापासून ती वळसा घालून समोरून येई आणि सांगायचं ते मोबाइलवर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवी.

याच मुलीने दोनशे सह्या गोळा करून नगरपालिकेला अर्ज दिला होता, की स्केटबोर्ड चालवायला हक्काची जागा द्या. नगरपालिकेने मंजुरी दिली आणि एक मेख मारली. जागा रहिवाशांनी महिन्याभरात एकमताने ठरवावी, नाहीतर स्केटपार्क दुसऱ्या भागाला जाईल.

एकमताने! रहिवाशांची सभा भरली. निवृत्त नर्सबाई अध्यक्ष होत्या. स्केटपार्क हवाच, यावर सगळ्यांचं एकमत झालं. तो आपल्या खिडकीखाली नको, यावरही झालं. दोन जागा उरल्या. एक बाजारामागचं काँक्रीटचं पटांगण, जिथे पूर्वी लॉऱ्या धूत. दुसरी पंचांच्याच इमारतीला लागून असलेली मोकळी जागा, शिंप्याच्या दुकानाच्या बाजूला.

“माझ्या दुकानाशेजारी? अजिबात नाही,” शिंपी म्हणाला. “चाकांच्या आवाजाने माझा टाका वाकडा जाईल.”

“तुमचा टाका आत्ताही वाकडाच असतो,” कुरिअरवाली म्हणाली.

“ए पोरी, थोरामोठ्यांशी नीट बोल!”

शिंप्याचं खरं दुखणं वेगळं होतं. त्या मोकळ्या जागेत त्याची बंद पडलेली स्कूटर, तीन मोडकी कपाटं आणि दुकानाची जुनी पाटी पडून होती. बिनभाड्याची वखार हातची जाणार होती. पण सभेत बोलायला आवाज हे कारण बरं दिसतं.

“मग आवाज तपासूनच ठरवू,” नर्सबाई म्हणाल्या. “दोन्ही जागांवर अर्धा अर्धा तास या मुलांना खेळू द्या. कुणीतरी नि:पक्षपाती माणूस तिथे बसवा. त्रास वाटला तर त्याने हात वर करायचा. त्याचा निर्णय सगळ्यांवर बंधनकारक. बोला, कोण?”

“पंचआजोबा,” कुरिअरवाली म्हणाली. चेहरा गोगलगाईसारखा गरीब.

टाळ्या पडल्या. शिंप्यानेसुद्धा वाजवल्या. मागच्या बाकावर बसलेल्या पंचांना दिसलं ते इतकंच, की शंभर तोंडं आपल्याकडे वळली आहेत. अशा वेळी ते नेहमी जे करत तेच त्यांनी केलं. मान हलवली आणि म्हणाले, “बघू.”

ठराव मंजूर.

घरी आल्यावर बायकोने त्यांना समोर बसवलं.

“अहो, कशाला मान हलवलीत?”

“सगळे बघत होते.”

“आवाज तपासायला नेमलंय तुम्हाला. आवाज!” आणि तिला इतकं हसू फुटलं, की पदर तोंडात कोंबून ती भिंतीला टेकून खालीच बसली.

पंच हसले नाहीत. “आता गं?”

“आता काय, खरं सांगून टाका.”

“सांगितलं तर खुर्ची गेली. ज्यांनी ज्यांनी पोटातलं ओठांवर आणलं, ते सगळे म्हणतील, म्हाताऱ्याने अकरा वर्षं आमचा खेळ केला. पुन्हा कोण बसेल समोर?”

“मग गप्प बसून राहा अर्धा तास. तुम्हाला नवीन आहे का ते?”

हे खरं होतं, आणि तिथेच अडत होतं. कारखान्यात रिव्हेट तपासून झाली की तिच्याजवळ खडूने खूण करायची असे. न तपासता पंचांनी आयुष्यात एकही खूण केली नव्हती. फोरमन डोक्यावर उभा राहून “उरक, उरक” म्हणाला तरी नाही. आता कान नसताना आवाजाला पास म्हणायचं, म्हणजे न बघता खडू ओढण्यासारखंच. खुर्ची तर सोडवत नव्हती, आणि खोटी खूण करवत नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जिन्याखाली कुरिअरवालीची बाही धरली.

“मुद्दाम केलंस.”

तिने मोबाइलवर लिहिलं: हो.

“का?”

तुम्हाला ऐकू येणार नाही. तुम्ही हात वर करणार नाही. दोन्ही जागा पास. मग आम्ही बाजारामागची घेऊ. ती मस्त आहे.

“मी तपासणार आहे,” पंच म्हणाले.

कशाने?

पंचांनी तिला फरसबंदीवर बोर्ड चालवायला सांगितला आणि स्वतः डोळे मिटून भिंतीला तळहात लावून उभे राहिले. रिव्हेट तपासायची रीत अशीच असते. रिव्हेटच्या डोक्याच्या एका बाजूला बोट ठेवायचं, दुसऱ्या बाजूने हलकी हातोडी मारायची. सैल असेल तर बोटाला कंप कळतो. कानाचं तिथे काही काम नाही. मुलगी दोन फेऱ्या मारून आली.

“मागचं उजवं चाक सैल आहे तुझं,” पंच म्हणाले.

तिने बोर्ड उलटा करून चाक हलवून पाहिलं. हललं. ती हसायची थांबली.

पहिली तपासणी रविवारी चार वाजता, शिंप्याच्या बाजूच्या जागेत. सहा मुलं, एक लाकडी उतरण, बघायला अर्धी वस्ती. पंचांची खुर्ची इमारतीच्या भिंतीला टेकून ठेवलेली. पंचांनी उजवा तळहात भिंतीवर सपाट लावला आणि डोळे मिटले. नर्सबाईंनी शिट्टी फुंकली. कुणीतरी खांद्याला हात लावल्यावर पंचांना ते कळलं.

शिंप्याने मात्र आधीच बंदोबस्त करून ठेवला होता. दुकानाचं शटर खाली ओढलेलं, आणि आत त्याचे दोन मेहुणे तेलाचे रिकामे डबे हातात धरून सज्ज. स्केटबोर्ड सुटले, तसे मेहुण्यांनी डबे बडवायला घेतले. काय तो दणदणाट! जणू सहा बोर्डांवरून सहा हत्ती लोखंडी बूट घालून जाताहेत. तिसऱ्या मजल्यावरच्या सुनेने खिडकी लावली. नर्सबाईंनी कानांत बोटं घातली. कुणाचं तरी तान्हं पोर भोकाड पसरून रडायला लागलं. लोक म्हणू लागले, चाकांना इतका आवाज असतो हे आम्हाला माहीतच नव्हतं. मुलं गोंधळून एकमेकांकडे बघत होती. कुरिअरवाली बंद शटरकडे बघत होती.

पंच शांत. चेहऱ्यावरची रेषा हलत नव्हती. हातात लोंबता धरलेल्या डब्याचा कंप भिंतीत उतरत नाही; तो हवेतूनच जातो, आणि हवेतलं पंचांपर्यंत काही पोचत नव्हतं. तळहाताला चाकं तेवढी कळत होती. जमीन भरीव होती, कंप वरच्यावर विरत होता, भिंत निवांत होती. अर्धा तास झाला. हात वर गेला नाही.

मेहुण्यांनी मात्र मेहनत घेतली, हे कबूल केलं पाहिजे. अर्धा तास एका लयीत डबा बडवणं सोपं नाही. एकाच्या दोन्ही हातांना फोड आले.

“काय सहनशक्ती म्हणायची!” लोक म्हणाले. “माणूस नाही, पोलाद आहे.” शिंपी शटरला टेकून उभा होता.

दुसरी तपासणी पुढच्या रविवारी, बाजारामागच्या पटांगणात. इथे सगळे खुशीत होते. गुळगुळीत काँक्रीट, आजूबाजूला घर नाही, नुसत्या गोदामांच्या पाठी. मुलांना तर आधीपासून हीच जागा हवी होती. नगरपालिकेच्या नकाशात मोठी उतरण कुठे, बाक कुठे, सगळं आखून तयार. शिंपी सगळ्यांत पुढे. “जागा असावी तर अशी,” तो येईल त्याला सांगत होता. “मी म्हणतो, आज तपासणी तरी कशाला हवी?”

इथे टेकायला भिंत नव्हती. पंचांनी चपला काढल्या, खुर्ची बाजूला सारली आणि ते सरळ काँक्रीटवर बसले, दोन्ही तळहात खाली टेकून. बायको शेजारी उभी राहिली. मुलं सुटली. चाकं सुळकन फिरत होती. तळहातांना एकसारखं, गोड काम लागत होतं. पंचांना बरं वाटलं. मग एक मुलगा उजव्या कोपऱ्याकडून गेला, आणि पंचांचे डोळे उघडले.

कोपऱ्यातलं काँक्रीट उशिरा बोललं. भरीव जमीन कंप आला की गिळून टाकते. इथे तो आला, थांबला आणि परत फिरला. रिकाम्या बॉयलरच्या पत्र्यावर बाहेरून टिचकी मारली की असंच होतं, आणि ते पंचांना छत्तीस वर्षं रोज कळत होतं.

ते उठून कोपऱ्यात गेले. खिशातून जुनी हातोडी काढली. गुडघ्यावर बसून एका हाताने ठोकत, दुसऱ्या हाताचं बोट पुढे पुढे सरकवत त्यांनी खोलीएवढी जागा तपासली. घाई केली नाही. लोक उन्हात ताटकळले तरी नाही. शेवटी उभे राहून त्यांनी हात वर केला.

सगळे एकदम बोलायला लागले. कुरिअरवाली धावत समोर आली. मोबाइल काढायचंही तिला सुचलं नाही. “आजोबा, काय करताय तुम्ही?” एवढं तिच्या ओठांवर सरळ वाचता आलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

“हा काय न्याय झाला?” शिंपी पुढे सरसावला. ती मोकळी जागा आता पुन्हा आपल्या बोकांडी बसणार, हे त्याच्या ध्यानात आलं होतं. “इथे चिमणीचासुद्धा आवाज नाही, आणि इथे हात वर? आणि तिथे माझ्या मेहुण्यांनी डबे बडवून बडवून हात सोलवटून घेतले, तेव्हा हे गृहस्थ डोळे मिटून बसले होते!”



“कसले डबे?” नर्सबाईंनी विचारलं.

मेहुणे गर्दीत मागे मागे सरकू लागले.

“म्हणजे तो दणदणाट तुमचा होता?” नर्सबाई म्हणाल्या. “अहो, माझं डोकं दोन दिवस ठणकत होतं!”

“होता! होता माझा!” शिंप्याचं पितळ उघडं पडलं होतं, आता लपवून उपयोग नव्हता. “पण मला आधी एवढं सांगा. सगळ्या वस्तीला ऐकू गेला, तो यांना कसा नाही गेला?”

प्रश्न बरोबर होता. सगळ्यांनी पंचांकडे पाहिलं. बायकोने त्यांच्यासमोर येऊन ओठांनी सगळं सांगितलं, एकही शब्द न गाळता. शेवटी म्हणाली, “आता तुमचं तुम्ही ठरवा.”

पंचांनी हातोडी खिशात ठेवली. ‘बघू’ म्हणून इथे निभावलं नसतं. ‘बघू’ म्हटलं असतं, तर लोक म्हणाले असते, म्हातारा विकला गेला. आणि कोपरा पास झाला असता.

“मला ऐकू येत नाही,” ते म्हणाले. “अकरा वर्षं झाली. त्याआधीही फारसं येत नव्हतं.”

“अकरा वर्षं!” नर्सबाई ओरडल्या. “दर महिन्याला मी तुमचं ब्लडप्रेशर बघते!”

बायकोने ओठांनी पोचवलं. “कान कुठे बघितलेत?” पंच म्हणाले.

तिसऱ्या मजल्यावरची सून पुढे आली. “आणि माझ्या सासूबाईंचं मी तुम्हाला दीड तास सांगितलं होतं ते? रडले होते मी!”

बायकोने हेही पोचवलं. “उजव्या हाताने पदर पिळत होतीस,” पंच म्हणाले. “शेवटी सोडलास. म्हणून मी बघू म्हटलं.”

“शोभतं का हे तुम्हाला?” आणि ती फणकाऱ्याने वळली. तिच्यामागे बरेच जण वळले. कुजबुज, हातवारे, कपाळावर मारलेले हात. पंचांना ते सगळं दिसत होतं. कानांपेक्षा डोळ्यांना जास्त लागतं.

“थांबा,” ते म्हणाले. “शिव्या नंतर द्या. खाली पोकळ आहे. पहार आणा.”

पहार आणली कुरिअरवालीने, गोदामातल्या हमालाकडून. पंचांनी खडूने गोल काढला. शिंप्याने तावातावाने पहार हिसकावून दोन घाव घातले. काँक्रीटवर नुसते पांढरे ओरखडे उठले.

“काम आहे ते, राग नाही,” पंच म्हणाले. “पाय लांब ठेव. सरळ उचल आणि सोड. तिचं वजन तिला वापरू दे.” आणि पहार स्वतःच्या हातात घेतली. वय एकाहत्तर. पहिला घाव, दुसरा, तिसरा. चौथ्याला पहार वीतभर आत गेली. तिने उचकटलेला तुकडा खाली निसटला.

तुकडा पाण्यात पडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. पंचांनी तो त्यांच्या चेहऱ्यांवर पाहिला. सगळे एकदम चार पावलं मागे सरले.

लॉऱ्या धुवायची जुनी टाकी होती ती. वरची फरशी चार बोटं जाड, आतल्या सळ्या गंजून भुगा झालेल्या. पूर्वी त्यावर एक शेड होती, म्हणून लॉऱ्या कधी तिथे गेल्या नाहीत. शेड गेली, टाकीची आठवणही गेली. नगरपालिकेच्या नकाशातली मोठी उतरण बरोबर त्या कोपऱ्यावर होती. कुरिअरवालीने नकाशा पाहिला, भोकात पाहिलं आणि पुन्हा नकाशा पाहिला. मग पंचांजवळ येऊन उभी राहिली.

जागा एकमताने ठरली. शिंप्याचंही मत त्यात होतं. डब्यांनंतर त्याला दुसरं मत उरलं नव्हतं. स्कूटर, कपाटं आणि पाटी आठ दिवसांत हलली.

खुर्ची मात्र ओस पडली. पंच रोज सकाळी ती झटकून जिन्याखाली ठेवत आणि स्वतः बसत. लोक जाता-येता दुसरीकडे बघत. आठ दिवस, पंधरा दिवस. शेजारी पार्कचं काम सुरू झालं, तेव्हा पंच तिकडे जाऊन उभे राहू लागले. नव्या उतरणीला तळहात लावून त्यांनी दोन ठिकाणी काँक्रीट नीट दाबलं नसल्याचं दाखवलं. ठेकेदाराने आधी उडवून लावलं, मग ठोकून पाहिलं, मग गुपचूप फोडून पुन्हा भरलं. काम चांगलं झालं. पण संध्याकाळी पंच रिकाम्या जिन्याकडे बघत, आणि बायको त्या वेळात पाठ वळवूनसुद्धा काही बोलत नसे.

पार्क सुरू होऊन आठवडा झाला होता, तेव्हा तिसऱ्या मजल्यावरची सून जिना उतरता उतरता थांबली. खाली पाहिलं, वर पाहिलं. कुणी नाही. मग तिथेच पायरीवर बसली.

“खरंच काही ऐकू येत नाही ना?” तिने हात कानाकडे नेऊन विचारलं.

पंचांनी मान हलवून नाही म्हटलं.

“नक्की?”

पुन्हा नाही. सुनेने पायऱ्यांवर बैठक मारली आणि सासूपासून सुरुवात करून नवऱ्याच्या तिन्ही बहिणींपर्यंत मजल मारली. असं ती पूर्वी कधी बोलली नव्हती. उठली तेव्हा दहा वर्षांनी तरुण दिसत होती.

बातमी पसरायला एक दिवस पुरला. ज्याला ऐकू येत नाही, त्याला काहीही सांगता येतं! पंधरवड्यात रांग पूर्वीच्या दुप्पट झाली. पंच पूर्वीसारखेच बघत, पूर्वीसारखेच “बघू” म्हणत.

मग नर्सबाईंनी घोळ घातला. कानांबद्दल त्यांना स्वतःचीच लाज वाटत होती. एका मंगळवारी त्यांनी पंचांना दवाखान्यात नेलं आणि उजव्या कानाला मशीन लावून आणलं.

“येतंय का ऐकू?” त्यांनी विचारलं.

“काही फरक नाही,” पंच म्हणाले. बाहेर जिन्याखाली चौघे ताटकळत होते.

मशीन कानावर राहिलं, आणि सगळ्यांनी ते शोभेचं मानलं. पंच ते खुर्चीवर बसताना बंद करत. करत म्हणजे, बहुतेक वेळा करत. एका दुपारी शिंपी आला, तेव्हा विसरले. निदान त्यांचं म्हणणं तसं होतं.

शिंपी लंगडत आला. इकडेतिकडे पाहून त्याने स्टूल पुढे ओढलं.

“पंच, तुम्हाला म्हणून सांगतो. कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. मी रोज पहाटे पाच वाजता पार्कात जातो. त्या पोरीने जुना बोर्ड फेकला होता, तो मी उचलला. वय त्रेपन्न माझं! पहिल्या दिवशी बसूनच गेलो. काल उभा राहिलो आणि पडलो. पण जे दोन हात अंतर उभ्याने गेलो ना, पंच, काय सांगू... बायकोला म्हटलंय, बाथरूममध्ये घसरलो.”

पंचांना आतून हसण्याच्या उकळ्या फुटत होत्या. ओठ घट्ट मिटून ते त्याच्या लंगड्या पायाकडे बघत राहिले.

“बघू,” ते म्हणाले.

शिंपी हलका होऊन उठला. चार पावलं गेला. आता गप्प बसले असते तर काम भागलं असतं. पण वाकडं काम डोळ्यांसमोरून जाऊ देणं पंचांना कधी जमलं नव्हतं.

“डावा पाय,” ते म्हणाले.

शिंपी जागच्या जागी वळला. “काय?”

“डाव्या पायावर भार टाकत नाहीस. पहाटे भिंतीला हात लावला की कळतं.”

शिंप्याने त्यांच्या कानातल्या मशीनकडे पाहिलं. भिंतीकडे पाहिलं. पुन्हा मशीनकडे पाहिलं. पंच कोऱ्या चेहऱ्याने त्याच्या ओठांकडे बघत होते. शेवटी शिंप्याने भिंतीला नमस्कार केल्यासारखी मान हलवली आणि तो गेला.

पंच वर घरी आले. बायको पाठमोरी भांडी घासत होती.

“आले महाराज,” ती नेहमीच्या सुरात म्हणाली. “दिवसभर खुर्ची उबवायची आणि वर दमून यायचं. सगळ्या वस्तीची कामं करा, पार्कचं काँक्रीट तपासा, शिंप्याचं रडगाणं बघा. घरची कडी मात्र लोंबू दे. आता या माणसाला विचारलं, की बाबा रे, ती कडी कधी लावणार, तर काय म्हणेल?”

“बघू,” पंच म्हणाले.

हातातलं भांडं मोरीत पडलं. पंचांना तोही आवाज आला, आणि ते दचकले. बायको अगदी हळूहळू वळली.

“कधीपासून?”

“मंगळवारपासून.”

“मंगळवारपासून मी जे जे बोलले ते सगळं?”

पंचांनी मान हलवली. मग अजीजीने म्हणाले, “अगं, बाहेर कुणाला सांगू नकोस. ऐकू येतं हे कळलं तर कोणी समोर बसणार नाही.”

बायकोने पदराला हात पुसले. गॅलरीच्या दाराकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं.

“बघू,” ती म्हणाली.

त्याच संध्याकाळी कडी लागली. चार स्क्रू, एकही सैल नाही.